काळी चारच्या थोडं वर

तंबोरा तिचा नव्हता, मैत्रिणीचा.
विमानात कुणीतरी आडवा टाकलेला,
गळ्यापाशी टिचभर भेग.
मी म्हटलं, तीन दिवस. सरसाला घाई चालत नाही.
थांबते, म्हणाली.

पावतीसाठी नाव विचारलं.
ब्रीद.
पेन तिथंच थांबलं. शब्द आहे आमच्याकडे, म्हटलं,
पण माणसाला कुणी ठेवत नाही.
माणसं ते फक्त बाळगतात.

दोन दिवस भुश्शात बसून होती, पटाशीकडे बघत,
मिरजेच्या उन्हानं नाक सोललेलं.
तिसऱ्या दिवशी दर्ग्याकडची लाइट गेली,
घासायचं मशीन गप्प झालं,
आणि मी सहज विचारलं,
तुमच्यात गाताना मागं काय धरतात?
काही नाही.
पेटी?
नाही.
मग सूर ठेवता कुठं?

तिला प्रश्न कळला नसावा. किंवा कळला असावा,
कारण ती भिंतीकडे तोंड करून बसली
आणि एक हात आमच्या बाजूला लांब केला.

मला वाटलं तंबोरा मागतेय. दिला, तर मान हलवली.
समदनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तोही नको.
चांदबी भोपळ्यातल्या बिया न्यायला आली होती,
ती पदराला हात पुसत उठली
आणि तो हात नुसता हातात घेतला,
नाडी बघावी तसा.

मग ते सुरू झालं.

चाळीस वर्षं मी आवाजाखालची जमीन करतो.
घोडीवर कानस फिरवतो,
तारेखाली सुताचा जीव सरकवतो,
केसभर मागं, केसभर पुढं,
तार उमलेपर्यंत.
जमीन नसेल तर आवाज पडतो, ही माझी समजूत.
हा पडला नाही.
खडकावरून खडकावर पाय टाकत गेला
खाली पाणी असल्यासारखा.
मध्येच थांबला,
अर्धा शब्द तोंडात ठेवून श्वास घेतला,
कुणाला हिशोब द्यायचा नसल्यासारखा.
हरकती होत्या, पण दाखवलेल्या नाहीत,
रंध्याखालून ढलपी वळत निघावी तशा,
आणि निघाली की तिच्याकडे कोण बघतो?
जवारी म्हणाल तर नाकाच्या मुळाशी कुठंतरी, जन्मतःच काढलेली.

भिंतीवरचे चौदा तंबोरे आपोआप बोलू लागले
असं सांगायला मला आवडलं असतं.
नाही बोलले.
ते काळी पाचला लावलेले, ती काळी चारच्या थोडं वर,
त्यातही दर कडव्याला केसभर चढत.
माझ्या हिशोबानं बेसूर.
त्या हिशोबाचं मला पहिल्यांदाच हसू आलं.

चांदबी तो हात गोल गोल फिरवत होती, सावकाश.
कुणी शिकवलं, मी नंतर विचारलं.
खुंटा धरल्यावर हात थांबतो होय, म्हणाली.
तिच्या घरातलं जातं जाऊन पंचवीस वर्षं झाली.

इंग्रजी नव्हतं ते. आयरिश.
आजीकडून आलेलं, आजीला कुणाकडून ते तिला ठाऊक नाही.
अर्थ विचारला.
कुणीतरी बुडालंय.
कोण, कधी, कुठल्या होडीतून?
ते गाण्यात नसतं, म्हणाली. ते गावाला माहीत असतं.
गाणं त्यानंतरचं.

आम्हाला गाव माहीत नव्हतं.
तरी समदनं हातातली खुंटी खाली ठेवली होती
आणि ती पुन्हा उचलायला त्याला वेळ लागला.

शेवटची ओळ तिनं गायलीच नाही.
रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तशी सांगून टाकली
आणि हात सोडवून घेतला.
चांदबी स्वतःचा तळवा बघत बसली.
गार होता गं बाई, म्हणाली, मधे एकदा भाजला.

तेवढ्यात लाइट आली. मशीन ओरडायला लागलं.
भेग भरली होती, वरून पॉलिशचा एक हात दिला.
सतराशे झाले. तिनं दोन हजार दिले.
मी तीनशे परत केले.