प्रेक्षक अकरा

वाचनालयाच्या वहीत मी लिहिलं :
शनिवार, माहितीपट दोन. स्थळ, शिरोड्याचं मिठाचं गोदाम,
कारण सभागृहात लग्न होतं.
विषय, आधुनिक नृत्य, आणि कमीत कमी सुरांचं संगीत.
प्रेक्षक अकरा. त्यात यंत्र चालवायला आलेला इनास
आणि मी.

भिंतीला चुना काढला होता, तरी
गोण्यांचे जुने हिशेब वर आलेच.
चार उभ्या रेघा, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
त्यांच्यावरून ती बाई नाचत गेली.
नाचत म्हणजे, आधी नुसती उभी राहिली.
मग चालली. मग खांद्यावरचं ओझं घसरावं
तशी आपल्याच अंगावरून खाली आली
आणि पडून राहिली,
कुणी बघत नसल्यासारखी.
घुंगरू नाहीत. तोंडाला रंग नाही.
पोटरीवर पाच गोण्यांचा हिशेब.

मागच्या बाकावर हसू फुटलं.
बाळा कांबळी मात्र खुर्ची घेऊन पुढे सरकला,
तीस वर्षं दशावतारात बायकांची सोंगं काढलेला,
आता गुडघे गेलेला.
"पडता कशी बघ," म्हणाला. "पडाक येवक व्हया."
आणि काळोखात त्याच्या हाताने
खांद्यावर नसलेला पदर सारखा केला.

दुसऱ्यात एक म्हातारा पियानोशी.
सहा सूर.
तेच सहा सूर.
तेच.
सरपंचांचा भाऊ दहाव्या मिनिटाला गेला.
चहा घेऊन आलेला पोरगा
दारात थबकला आणि किटलीसकट परत फिरला.
मी खिडकीबाहेर बघत बसले.
आगरात चांदणं वाफ्यावाफ्यांत वाटून ठेवलेलं.
खरं सांगते, मला झोप येत होती
आणि ग्रंथपालाला झोप येणं बरं दिसत नाही
म्हणून मी मान हलवत होते,
कळल्यासारखी.

तेव्हा वैजंता आरोसकर बोलली.
ती माहितीपट बघायला आलीच नव्हती.
गोदामाची किल्ली तिच्याकडे, कुलूप लावून घरी जायचं,
म्हणून उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली,
टाचा मिठाने खाल्लेल्या, पाठ आमच्याकडे.
"इनासा, ह्या अडाकला हा."

इनास हसला. काकी, हे संगीतच असं असतं.
मडगावात त्याने ते दोनदा दाखवलं होतं.

"नाय रे. आदी बदलत होता.
आता बदलणा नाय."

त्याने वाकून पाहिलं.
भिंतीवर कधीपासून नुसते हात होते, म्हाताऱ्याचे,
आणि सहा मिनिटं
तेच चार क्षण फिरत होते.
आम्ही सगळे ते ऐकत होतो. मी तर मान हलवत होते.

कसं कळलं, मी विचारलं.
तिने प्रश्नाकडे जरा नवलाने पाहिलं.
"फळी ओढूक लागल्यार कळता," म्हणाली,
आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

इनासने तुकडा मागे नेऊन परत लावला.
या खेपेला मी मान हलवली नाही.
सहावा सूर किंचित मागे राहिला.
थोड्या वेळाने पाचव्याच्या जागी पाचवा नव्हता.
कधी सरकला, ते सांगता येणार नाही.
उंबऱ्यावरची पाठ हलली नाही,
फक्त किल्ल्यांचा जुडगा तिने
आवाज होऊ नये असा मांडीखाली घेतला.

संपलं तेव्हा चौघं उरलो होतो,
वैजंता धरून की सोडून, आठवत नाही.
इनास वायरी गुंडाळायला लागला
तर बाळा जागचा उठेना.
"पडली ता कळला," म्हणाला.
"उठली कशी, ता एकदा परत दाखव."

परत दाखवलं. परत. तिसऱ्यांदा
तो गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकला,
आणि भिंतीवर ती बाई
आधी कंबर, मग पाठ, अगदी शेवटी डोकं
अशी चार रेघांवरून वर आली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
यंत्र सहा मिनिटं अडकलं होतं.
चहाचे पैसे
चहा न मिळाल्यामुळे दिले नाहीत.