के एफ, त्रेचाळीस

शुक्रवारी निझव्यात बकऱ्यांचा बाजार उठला
की हमूद अल-अबरी दुकानाची अर्धी फळी उघडतो
आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढे उपडा करतो.
बहुतेक नुसत्या पुंगळ्या.
डोंगरवाटेवर पोरांनी वेचलेल्या,
काही विहीर उपसताना निघालेल्या,
एक कुणा चुलत्याच्या कमरपट्ट्यातली.

मी इथल्या दवाखान्यात कवळ्या बनवतो.
भिंग आहे, बारीक ब्रश आहे,
एवढ्या भांडवलावर त्याचा तज्ज्ञ झालो.
चिंच लावून घासू नकोस, हे त्याला शिकवलं.
काळेपण राहू दे, वय त्यातच असतं.

अंग सगळ्यांचं पितळेचंच,
जात कळते ती बुडाशी.
ही जाडजूड, मानेशी आवळलेली: मार्टिनीची, हिच्यात काळी दारू.
ही बुडाला ओठ नसलेली, नुसती खाच: माउझर,
पण आकडे फारसी, म्हणजे खाडी ओलांडून आलेली,
बहुधा खजुरांच्या पोत्याखालून.
हमूद वहीत लिहितो, उजवीकडून डावीकडे.
मी थांबतो.

मग ही.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसली.
के. एफ. बारका बाण. त्रेचाळीस. रोमन सात.
टोपीभोवती जांभळ्या लाखेची विटकी कड.

कुठली?
खडकीची.
खडकी कुठे?

आता याला काय सांगू.
तिथे माझी शकूआत्या, सतरा वर्षांची,
लांब टेबलापाशी बसून पुंगळ्या तपासायची.
कडेवरून अंगठा फिरवायचा, ओरखडा लागला की बाजूला.
दारू म्हणजे अगदी शेवया रे, म्हणायची,
फक्त खायच्या नाहीत.
पुढे जन्मभर वाटी घेतली, तांब्या घेतला,
अंगठा आधी कडेवरून जायचा.
कुठे जायच्या गं त्या, मी एकदा विचारलं.
मोजून देत होते बाबा. मोजलेलं पुढे जातं.

पुढे म्हणजे इथे.
टोपीवरचा ठोका मधोमध नाही, जरा डावीकडे;
रायफल थकलेली असणार.
कुणी झाडली, कुणावर, ते बुडावर नसतं.
हमूद म्हणतो, लढाईच्या वर्षी
माझे आजोबा वर गुहेत होते.
एवढंच. मग कहवा ओततो.

विमानतळावर पितळ लपत नाही.
म्हणून पगाराची पावती काढून बुडावर ठेवली,
पेन्सिल आडवी धरून घासली.
आधी बाण आला. मग चार, तीन.
के अर्धाच उठला.

हमूदनं ती डब्यात टाकली, परत काढली,
काडेपेटीत वेगळी ठेवली.
किंमत काय लावू?
दोनशे बैसा, मी म्हटलं. खूप असतात तशा.
आणि ते खरंच आहे.