तिसरी सुई

नेरूळच्या लॅबमध्ये एक रबरी हात आहे,
दंडापाशी तुटलेला, सुयांनी चाळण झालेला.
त्याच्या नळीत लाल शाई भरून
अकरा वर्षं मी तेच सांगत आलेय:
स्पिरिट वाळू द्या. फुंकर मारू नका.
सुईचं तिरकं तोंड वर.
रक्त डोकावलं की सुई जागीच,
फक्त प्लास्टिक पुढे सरकवा,
आणि पट्टा सोडा.
पट्टा सगळ्याच विसरतात.

सुलक्षणा मढवी विसरली नाही कधी.
रबरी हातावर तिला पैकीच्या पैकी.

आज वॉर्डात, खाट नऊ.
दिवाळे गावचे नाखवा,
जाळ्याने कापलेली बोटं,
दोरासारख्या वर आलेल्या शिरा.
अशाच फसवतात.
पहिली निसटली.
दुसरी फुगली, कातडीखाली निळं पसरलं.

"घाबरू नको गो," नाखवा म्हणाले,
"मावरा काय पयल्याच जाल्यान गावतं?
मार आजून एक."

तिसरी तिच्या हातात होती,
पाकीट न फोडलेली.
मी काही बोलले नाही.
तिने ती ट्रेमध्ये ठेवली.
"सिस्टर, तुम्ही लावा."
कानाच्या पाळ्या लालबुंद.

दुसऱ्या हाताला, मनगटाच्या बरंच वर, मी लावली.
चिकटपट्टीवर तारीख, वेळ तिने लिहिली,
आणि कागदावर, न खोडता:
दोन प्रयत्न फसले. सु. मढवी.

आता घड्याळ धरून ती थेंब मोजतेय,
मिनिटाला वीस.
नाखवाही मोजतायत,
चौदावर चुकतात,
पुन्हा एकपासून.