बद्द

दोन मशीनांमधल्या वाटेवर, परातीएवढा,
गेल्या मार्गशीर्षात मीच ओतून सपाट केलेला तुकडा
कडेनं उचलला होता.
ट्रॉलीचं चाक वरून गेलं
की ट्रेमधले नट एकदम दचकत.

उद्यमबागेत असल्या कामाला दस्तगीर नदाफ.
सायकलला थैली, थैलीत छिन्नी, तारेचा ब्रश
आणि बेअरिंगमधला एक गोळा, लिंबाएवढा.
त्यानं काही विचारलं नाही.
उकिडवा बसला, कान खाली केला,
वीत-वीत सरकत गोळा टाकत गेला.
खण. खण. खण.
बद्द.
"टोळ्ळ ऐत्रि," म्हणाला,
आणि मला कळावं म्हणून, "आत पोकळ हाय वो."
चाळीस वर्षं या गावात आहे मी.
कळलं होतं पहिल्यांदाच.

खडूनं त्यानं आवाजाची हद्द आखली.
रेघ कुठे संपेचना.
"फुगलंय परातीएवढं,
सुटलंय अंथरुणाएवढं."

रात्री शेजारच्या फरशीला प्लास्टिक लावून गेला,
चारी कडा टेपनं बंद.
सकाळी वाकून पाहिलं, खाली घाम नाही.
म्हणजे ओल नव्हे.
पाण्यावर ढकलता येईना,
मग मी पोत्यावर ढकलून पाहिलं.
"पोतं बरं होतं," म्हणाला, कंपनी न विचारता.

ग्राइंडरनं चौकोन कापला,
छिन्नी आडवी घातली, एकच टोला,
आणि तव्यावरून थालीपीठ सुटावं
तशी खपली हातात आली.
"हे कुठं धरलंच नव्हतं की."

उलटी केली.
पाठीवर पांढरं काहीतरी. आकडे.
कन्नड आकडे, तेही उलटे.
माझ्या मालानं फरशीवरचा खडू धरून ठेवला होता
आणि फरशी सोडली होती.
"झाडलं नव्हतासा?"
मशीन निघालं होतं कोइमतूरहून, म्हटलं.
"प्रायमर?"
मी चहा मागवला.

नळावरचा आरसा काढून आणला, समोर धरला.
बारा. साडेअकरा. चौदा. पुन्हा चौदा. दहा.
खाली रेघ. रेघेखाली काही नाही.
बसलिंग कौजलगीचे पाच आठवड्यांचे जादा तास.
जमिनीवर लिहून ठेवलंय, बघा की, म्हणाला होता तो.
वहीत नाही ते नाही, म्हणालो होतो मी.
आणि त्याच आठवड्यात माल ओतला.
तेव्हा आकडे मला दिसले नसावेत.
नसावेत म्हणजे,
दिसले होते.

नदाफचं काम चालूच.
तेल खरवडलं, सोड्यानं धुतलं,
वाळल्यावर टोचे पाडले, झाडलं,
तळवा फिरवून उजेडात धरला. काळा.
पुन्हा झाडलं. पुन्हा तळवा.
तिसऱ्यांदा जसा गेला तसा हात वर आला,
तेव्हा कुठे प्रायमरचं झाकण उघडलं.
एक हात उभा, एक आडवा.
"पाणी मापानंच घालायचं.
पातळ केलं की पसरतंय झटक्यात,
आणि वर नुसती साय."
ओतलं. काटेरी रोलर फिरला,
बारीक फुगे फुटत राहिले बराच वेळ.
"दार लावा. पंखा नको.
वारा लागला तर घाईनं वाळतंय."

दोन दिवस शेड बंद.
खपली मी फेकली नाही, टेबलावर उलटीच ठेवली.
बेरीज केली. साडेएकसष्ट.
बसलिंग आता होनग्याला असतो म्हणे.
फोन वाजतो, उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी नदाफनं गोळा टाकला,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
खण. खण. खण.
पैसे मोजले, खिशात घातले,
सायकलला टांग मारता मारता थांबला.
"मुतग्यात त्याच्या घराचा कोबा मीच घातलाय.
सातनंतर असतोय घरात."