दूधकट्ट्यावर दोन कॅमेरे

दोन्ही उघडून ठेवलेत टेबलावर, रबरी पंप हातात.
मगदूमांचा फुलफ्रेम:
आत जुन्या रोलच्या चौकटीएवढा सेन्सर,
हिरवट-जांभळा, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा.
आणि माझा खिशातला, दोन हजार नऊचा.
त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा,
तेही नख नुकतंच कापलेलं.

पट्टी लावून हिशेब केला एकदा:
तीस नखं बसतात त्या एका चौकटीत.

काल रात्री गंगावेशीत
एकाच म्हशीचा फोटो काढला दोघांनी.
बल्ब एक, चाळीसचा, धुळीनं पिवळा.
धार पडत होती, ग्लासात फेस चढत होता.
मगदूम म्हणाले, "उजेड म्हंजे दूधच की ओ.
धार सगळ्यास्नी सारखीच.
भांडं केवढं आणलंय, त्यावर घरी काय जाणार ते ठरतंय."

खरंय.
ते काहील घेऊन आले होते, मी बाटलीचं टोपण.

त्यांच्या फोटोत म्हशीचा काळा सोलून ठेवलेला:
काळ्यात निळा, निळ्यात तपकिरी,
पापणीचा केस न् केस,
डोळ्यात बल्ब, बल्बात तार.
माझ्या फोटोत अंधारावर रवा सांडलेला,
लाल-हिरवे दाणे,
म्हैस जात्यातून भरड काढल्यासारखी.
हरलो म्हणालो. दुधाचे पैसे मी दिले.

आज पडद्यावर दोन्ही शेजारी लावले.
त्यांच्या म्हशीमागं नुसतं लोणी वितळलेलं.
माणसं होती तिथं रंगांचे गोळे.
त्या मोठ्या सेन्सरला एक डोळा पुरला,
बाकीचं गाव त्यानं सोडून दिलं.

माझ्या रव्यात मात्र, शिंगांच्या मधून,
पार भिंतीपर्यंत सगळे हजर:
सायकल, कॅन, दराची पाटी,
आणि पाटीखाली हिंदूराव.
ग्लास ओठाशी. दुसऱ्या हातात एकच चप्पल.
अंगठा तुटला असणार.

तीन वर्षं बोलत नाही आम्ही.
बारा पावलांवर उभा होता,
आणि मला, दोन धडधाकट डोळ्यांच्या माणसाला,
दिसला नव्हता.

मगदूमांना फोन केला: साफ झालाय, घेऊन जावा.
दाण्यांवर उपाय आहे तसा. एक बटण असतं,
दाबलं की सगळं गुळगुळीत.
दाबून बघितलं.
परत मागं घेतलं.
हिंदूरावची मिशी जात होती त्यात.