पावती

मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही,
हे मी दिवसातून वीस वेळा सांगते.
मन्मथप्पांनी घड्याळ दिलं, चष्मा दिला, खालचे दात दिले.
गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीसकट,
डोळे मिटून शिवकांताकाकूंच्या ओंजळीत ठेवलं.
करदोड्याची किल्ली तेवढी देईनात.

गंजगोलाईतली आडत बंद होऊन अकरा वर्षं झाली,
काकू भिंतीकडं बघत म्हणाल्या.
तिजोरीसुद्धा भंगारात गेली.
त्यांनी मूठ आणखी आवळली.
"पावती?"

चिठ्ठीच्या पाठीमागं मी लिहिलं:
मिळाली, किल्ली, नग एक, लोखंडी.
वाचून म्हणाले, तारीख घाला.
कोणती, ते मात्र मलाच विचारलं.

सकाळी वर डॉक्टरांकडं झालं होतं सगळं.
थायरॉईड बरं. बी-ट्वेल्व्ह जरा कमी,
पण तेवढ्यानं एवढं होत नाही.
आंबा, खुर्ची, नाणं, लक्षात ठेवा.
आता शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर,
डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थेट दोनवर उतरले.
"दोन शिल्लक. कुणाच्या खात्यावर टाकू?"
मग आंबा विचारला.
"आंबा? ह्या दिवसांत?"

मशीनची ठकठक अर्धा तास.
हलू नका काका, मी स्पीकरवरून म्हणत राहिले.
हलले नाहीत.
काटा स्थिर होईपर्यंत
पोत्याला कुणी हात लावत नाही, तसे.

काचेअलीकडं बसून मी माणसांचे काप बघते,
वरून, बाजूनं, कपाळासमोरून.
कानाच्या आतल्या अंगाला, दोन्हीकडं,
करंगळीएवढा एक वळलेला तुकडा असतो.
सकाळी काय खाल्लं, कोण येऊन गेलं,
ते आधी तिथं उतरतं.
त्यांचा पिचकला होता.
पावसानं मध्येच ओढ दिली की
तुरीची शेंग लांबून भरल्यागत दिसते,
चिमटीत धरल्यावर कळतं, दाणा धरलाच नाही.
भोवती काळं.
पडद्यावरचं ते काळं म्हणजे पाणी.
जागा सुटली की पाणी येऊन बसतं.

निदान सांगायचा मला हक्क नाही.
काकूंनी माझ्या तोंडाकडं बघितलं,
मी कीबोर्डकडं.
रिपोर्टात येईल: वयाच्या मानानं जास्त आक्रसलेलं,
लक्षणांशी ताडून पाहावं.
रिपोर्ट असाच बोलतो, एक पाय दाराबाहेर ठेवून.
नाव डॉक्टर घेतील, सोमवारी.

बाहेर आल्यावर मी किल्ली पुढं केली.
त्यांनी उलटसुलट करून बघितली, परत दिली.
"ही आपली न्हाई. कुणाची राहिली असंल, विचारून द्या.
दुसऱ्याच्या किल्लीला मी हात लावत नसतो."
अहो, पावती तुमच्याच खिशात आहे, काकू म्हणाल्या.
त्यांनी काढली, ओळीवर बोट ठेवून वाचली.
"बरोबर आहे. सही कुणाची?"
माझी, मी म्हणाले.
"मग तुम्हीच सांभाळा."

किल्ली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
काकूंना दोनदा फोन केला.
येते म्हणाल्या.