बेसिन बघ

तेजलनं तीन माहितीपत्रकं पसरली सतरंजीवर.
म्हणाली, तुम्ही सांगा, बाबा,
एकतीस वर्षं त्याच वासात काढलीत.

मी काय सांगणार?
मला सर म्हणत नाहीत, मामा म्हणतात.
मामा, पिपेट फुटली. मामा, गॅस येईना.
मामा, बोटाला लागलेलं हे काळं कधी जाणार?
सिल्व्हर नायट्रेट, बाळा. कातडी बदलली की जातं.

पहिलं पत्रक आमच्याच कॉलेजचं, बीएस्सी, इथं सांगलीतच.
दुसरं फार्मसीचं, मिरज रोडवरलं, गुळगुळीत कागद,
वर गॉगल लावून हसणारी चार पोरं
आणि नळीत निळं पाणी.
मोरचूद आहे तो. त्यात हसण्यासारखं काय, कुणास ठाऊक.
तिसरं पुण्याकडच्या विद्यापीठाचं,
केमिस्ट्री, पाच वर्षं सलग, फोटो एकही नाही.

तिची आई म्हणाली, फार्मसी. दुकान तरी टाकता येतं.
कुपवाडला शिफ्ट करणारा चुलता म्हणाला,
केमिस्ट्री शिकून पोरगी काय फिनेल विकणार?
शेजारच्या बेडगेबाईंनी विचारलं,
त्यातून डॉक्टर होता येत नाही का?

मी म्हटलं, जाऊन बघून ये.
इमारत बघू नको. बेसिन बघ.
पांढरंशुभ्र असेल तर तिथं कुणी काही करत नाही.
डाग पाहिजेत, आणि नळाला पाणी.
फ्यूम हूडचा पंखा लावायला सांग.
आत झाडू आणि जुनी रजिस्टरं असली तर उठून ये.
विचार, ब्युरेट एकाला एक की चौघांत एक?
चौघांत असली की एकजण रीडिंग घेतो,
तिघं वही उतरवतात,
आणि फर्स्ट क्लास चौघांनाही.
हे पत्रकात नसतं.

एकोणीसला कृष्णा आमच्या स्टोअरमध्ये शिरली, चार दिवस राहिली.
ओसरली तेव्हा खालच्या फळीवरल्या बाटल्या होत्या तशाच,
लेबलं तेवढी गेलेली.
सर लोक दारात उभे. एवढ्या डिग्र्या, पण हात कुणी लावेना.
मी लावला.
काही रंगावरून, काही बुडाशी खडा कसा धरलाय त्यावरून,
काही मीच भरल्या होत्या म्हणून.
सत्तावीस ओळखल्या.
अकरा नाही ओळखता आल्या.
त्या अकरांचं अजून मनाला लागतं.

मला वास कळतो, रंग कळतो. का, ते कळत नाही.
मोरचूद तापवला की पांढरा का पडतो,
पाण्याचा थेंब पडला की परत निळा का,
एकतीस वर्षं बघतोय.
एकदा बोराडे सरांना विचारलं.
ते म्हणाले, मामा, पोरं आली, पंखे लावा.

तेजल तिन्हीकडं जाऊन आली.
मी एकाच ठिकाणी, तिसऱ्या. रजा तेवढीच शिल्लक होती.
तिथल्या ॲटेंडंटची बोटं बघितली. काळी.
त्यानं माझी बघितली, आणि चहा सांगितला.
आत तेजल विचारत होती. मोरचुदाचंच.
पांढऱ्या केसांच्या एक बाई, कुठंतरी निघालेल्या,
पिशवी टेबलावर ठेवली, खडू शोधला,
वीस मिनिटं फळ्यावर.
मला दारातून निम्मंच ऐकू आलं.

येताना एसटीत तिनं तिकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं,
पाण्याचे पाच रेणू,
चार तांब्याला धरून, पाचवा बाजूला अडकलेला.
पेठनाक्याला वळलो तोवर समजल्यासारखं वाटत होतं.
आष्ट्याला परत गेलं.
ती म्हणाली, असू दे, पुन्हा सांगते.

फॉर्म तिनंच भरला.
पहिला पर्याय कुठला टाकलाय
ते आईला अजून सांगितलेलं नाही.
मी एवढंच म्हणालो,
ॲप्रन सुती घे. टेरिकॉट नको,
पेटलं की अंगाला चिकटतं.